चिलिका ते पुलिकत: पक्षी महोत्सवांच्या वाटेवरचा पूर्व किनारा

भारतातले पक्षी महोत्सव बहुतेक नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत भरतात. मंगोलिया, तिबेट, मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेली बदके, हंस, पाणटिवळे, तुतवार या काळात देशभरच्या पाणथळांवर उतरलेले असतात आणि मार्च उजाडला की परतीला लागतात. ओडिशात चिलिका सरोवराकाठी, आंध्र प्रदेशात सुलूरपेटला, बिहारच्या जमुई जिल्ह्यात नागी-नकटी जलाशयांवर, अरुणाचलात पक्के व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या सेइजोसाला असे महोत्सव भरलेले आहेत. कर्नाटकाचा महोत्सव एका गावाला बांधलेला नाही, त्याची जागा बदलत राहते. यांतल्या बहुतेकांमागे त्या त्या राज्याचे वन खाते किंवा पर्यटन खाते असते.

नावावरून गफलत होते ती एका ठिकाणी. नागालँडचा हॉर्नबिल महोत्सव दर वर्षी १ ते १० डिसेंबरला कोहिमाजवळ किसामाला भरतो. तो नागा जमातींच्या नृत्य-संगीताचा, खाद्यपदार्थांचा आणि वेशभूषांचा सोहळा आहे. तिथे धनेश, म्हणजे हॉर्नबिल पक्षी, पाहायला म्हणून जाणाऱ्याची निराशा होईल. धनेशासाठी वाट धरावी ती पक्केची. तिथला पक्के पागा महोत्सव २०१५ पासून सुरू झाला आणि तो खरोखरच धनेशाच्या रक्षणासाठी आहे. तिथले निशी लोक शिरोभूषणात धनेशाची चोच वापरत. तिच्या जागी आता फायबरग्लासची चोच रुजली आहे, आणि गावप्रमुखांची संघटना, वन खाते व नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशन मिळून धनेशाच्या ढोल्या राखतात. मात्र हा महोत्सव जानेवारीच्या आसपास येतो आणि मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते ती त्यानंतर, वसंतात. म्हणून हिवाळ्यात तिथे जाणाऱ्याने घरट्यांची आशा न धरता संध्याकाळी नदीकाठच्या झाडांवर रातथाऱ्याला येणारे थवे पाहावेत. अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट लागतो, तो आधी काढून ठेवावा.

आठ-दहा दिवसांची रजा हाती असलेल्या मराठी प्रवाशाला मात्र या सगळ्यांत पूर्व किनारा सर्वांत सोयीचा पडतो. चिलिका आणि पुलिकत ही देशातली दोन सर्वांत मोठी खाजणे, म्हणजे समुद्राला तोंड असलेली मचूळ पाण्याची सरोवरे. दोन्हींच्या काठी जानेवारीत महोत्सव भरलेले आहेत आणि दोन्ही हावडा-चेन्नई या एकाच लोहमार्गावर येतात. मधल्या पट्ट्यात तेलीनीलापुरम आणि कोल्लेरू ही आणखी दोन ठिकाणे आहेत. मुंबई-पुण्याहून सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडामार्गे जाणाऱ्या कोणार्क एक्स्प्रेसने आधी भुवनेश्वर गाठायचे आणि तिथून किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरत चेन्नईला प्रवास संपवायचा, ही सरळ वाट.

नियोजनातली मुख्य अडचण तारखांची. महोत्सवाच्या तारखा सरकारी सोयीने ठरतात. निवडणुकीची आचारसंहिता, वादळ, साथ अशा कशानेही त्या हलतात, आणि पुष्कळदा उशिरा जाहीर होतात. पुलिकतजवळ सुलूरपेटला भरणाऱ्या महोत्सवात कोविडच्या काळात खंड पडला, तो पुन्हा भरला २०२५ च्या जानेवारीत, १८ ते २० तारखांना. रेल्वेचे आरक्षण मात्र साठ दिवस आधी सुरू होते आणि हिवाळ्यात ते झटपट भरते. त्यामुळे तिकिटे काढायची ती पक्ष्यांचे वेळापत्रक पाहून, आणि त्यात महोत्सव सापडला तर सापडला. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर कोणत्याही पाणवठ्याची आठवड्यावार नोंद पाहता येते: कोणता पक्षी कधी येतो, कधी विपुल असतो, कधी दिसेनासा होतो. मागच्या चार-पाच वर्षांच्या नोंदी चाळल्या की जानेवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा या वाटेसाठी उत्तम, हे ध्यानात येते.

त्यातही संक्रांत सांभाळावी लागते. १३ ते १६ जानेवारीदरम्यान अख्खा आंध्र गावी निघालेला असतो, गाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. इकडे चिलिकातल्या कालिजाई बेटावर मकर यात्रा भरते आणि बालुगावच्या धक्क्यावर भाविकांची रीघ लागते. संक्रांतीचे दिवस एकाच मुक्कामी, शक्यतो चिलिकाच्या उत्तर काठच्या मंगलाजोडीसारख्या आडबाजूच्या गावात काढले तर हा त्रास टळतो.

महोत्सवाच्या दिवसांतच पोहोचावे की ते टाळावे, यावर जाणत्या पक्षीनिरीक्षकांत मतभेद आहेत. महोत्सवात गर्दी होते, ध्वनिवर्धक लागतात, काठावर स्टॉल उभे राहतात आणि पक्षी काठापासून लांब सरकतात. पण तिपाईवर लावलेली स्पॉटिंग स्कोप, शेजारी उभा असलेला जाणकार, शाळकरी मुलांच्या रांगा, स्थानिक मच्छीमारांशी आणि वनरक्षकांशी सहज होणारे बोलणे हे इतर दिवशी मिळत नाही. नवख्याला तर महोत्सवाचा एक दिवस पुष्कळ शिकवून जातो. म्हणून महोत्सवाला एकच दिवस द्यावा आणि त्याच पाण्यावर आधीची किंवा नंतरची एक पहाट राखून ठेवावी. नोंदी करायच्या त्या पहाटे आणि माणसांना भेटायचे ते महोत्सवात, ही विभागणी सर्वांत फायद्याची ठरते.

निघण्याआधीची तयारी घराजवळ होऊ शकते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अली यांचा. राज्य सरकारने २०२० मध्ये या सप्ताहाला मान्यता दिली. या आठवड्यात गावोगावी पक्षीफेऱ्या निघतात, त्यांत सामील झाले की दुर्बिणीला हात सरावतो. त्यानंतर डिसेंबरात निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वरला एक-दोन खेपा कराव्यात. महाराष्ट्रातले हे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून नोंदलेले पाणथळ. थापट्या, तलवार बदक, गडवाल, चक्रवाक ही मंडळी तिथल्या मनोऱ्यावरून निवांत ओळखता येतात, आणि चिलिकात भेटणार असतात तीही बरीचशी हीच. पुणे-सोलापूरकडच्या माणसाला उजनीच्या फुगवट्यावरचे भिगवण जवळ पडते. रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, ओळख तिथेच करून घेता येते. ज्याला बदके आधीच ओळखता येतात त्याला चिलिकात नव्या पक्ष्यांकडे पाहायला वेळ उरतो.

दुर्बीण आठपट मोठे दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटर भिंगाची असली की पुरे. होडीत दहापटीची दुर्बीण हातात थरथरते. कपडे मातकट, फिकट हिरवे. जानेवारीतही किनाऱ्यावर दुपार तापते, पण पहाटे होडीत कानटोपी लागतेच.

भुवनेश्वरहून मंगलाजोडी साधारण सत्तर किलोमीटर. चेन्नईकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने टांगीपर्यंत जायचे आणि तिथून डावीकडे सरोवराच्या उत्तर काठाला वळायचे. चिलिका हे एकसारखे पाणी नाही, हे नकाशा पाहून जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. उत्तरेला दया, भार्गवी या महानदीच्या फाट्यांचे गोडे पाणी येते, म्हणून तिथे नळ आणि पाणकणीस माजते आणि बदकांना, पाणकोंबड्यांना आसरा मिळतो. दक्षिणेला रंभाकडे पाणी खारट आणि खोल. पूर्वेला सातपाड्याजवळच्या समुद्रमुखाच्या बाजूला इरावदी डॉल्फिन. पक्ष्यांसाठी उत्तर काठ आणि मधले नलबण बेट महत्त्वाचे. नलबण पावसाळ्यात बुडते आणि हिवाळ्यात चिखल होऊन वर येते. ते अभयारण्य असल्याने त्यावर उतरता येत नाही, बालुगाव-बरकुलकडून होडीने लांबूनच पाहावे लागते.

चिलिका १९८१ मध्येच रामसर यादीत गेले. राजस्थानच्या केवलादेवबरोबर भारतातली ती पहिली दोन स्थळे. पण गाळाने समुद्रमुख बुजत गेले, पाण्यातला खारेपणा घटला, तण वाढले, मासळी रोडावली, आणि १९९३ मध्ये सरोवराची नोंद धोक्यातल्या पाणथळांच्या मॉन्ट्रो यादीत झाली. चिलिका विकास प्राधिकरणाने सप्टेंबर २००० मध्ये नवे समुद्रमुख उघडले. खारे पाणी परतले, मासळी सावरली, आणि २००२ मध्ये चिलिकाचे नाव त्या यादीतून निघाले. आज दर जानेवारीला होणाऱ्या गणनेत इथे दहा लाखांच्या आसपास पक्षी मोजले जातात. आजारी पडलेले पाणी बरे होऊ शकते याचा इतका मोठा पुरावा देशात क्वचितच कुठे मिळेल, आणि तेवढ्यासाठी तरी प्रत्येक निसर्गप्रेमीने चिलिका पाहायला हवे.

मंगलाजोडीची गोष्ट त्याहून जवळची. हे एके काळी पक्षी मारणाऱ्यांचे गाव होते. जाळी, बंदुका, विषारी आमिष असे सगळे चाले आणि बदकांचे मांस बाजारात जाई. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस समजावणीने वारे फिरले. शिकार करणाऱ्यांतल्याच काहींनी श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती स्थापन केली, पुढे निसर्ग पर्यटनाचे काम उभे राहिले. पक्षी कुठे चरतो, कुठे दडतो, होडी किती जवळ नेली की तो उडतो हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक होतेच. आज तेच ज्ञान पाहुण्यांच्या उपयोगी पडते. २०१८ च्या जानेवारीत चिलिकाचा राष्ट्रीय पक्षी महोत्सव इथे भरला, त्यामागे हा इतिहास होता.

होडीत बसायचे ते पहाटे, सूर्य उगवायच्या सुमारास. होड्या इंजिनाच्या नसतात, नावाडी मागे उभा राहून लांब बांबूने रेटतो. नळांमधल्या अरुंद पाटांतून होडी सरकते आणि दोन्ही बाजूंना, हाताच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ पक्षी असतात. जांभळी पाणकोंबडी नळाचा कोवळा कोंभ पायात धरून सोलते. लाल फटाकडी एरवी डोळ्यांना सापडत नाही, ती इथे नळाच्या बुडाशी चिखलात उघड्यावर फिरते. शंकर नावाचा इवला पाहुणा शेपूट वर उचलून नळाच्या कडेला क्षणभर थांबतो आणि गळ्यावरचा निळा पट्टा दाखवून आत शिरतो. पुढे पाणी मोकळे झाले की काळ्या शेपटीचे पाणटिवळे दिसू लागतात, हजारोंच्या संख्येने. बसलेले असताना ते मातकट, लांब सरळ चोचीचे, लक्षात न राहणारे पक्षी. एखादी दलदल ससाण्याची जोडी किंवा भोवत्या वरून गेला की सगळा थवा एकदम उठतो, आणि प्रत्येक पंखावरची पांढरी पट्टी व शेपटीचा काळा पट्टा लखकन दिसतो. पाणटिवळा ओळखायला शिकावे ते याच वेळी. एकदा उडताना पाहिला की तो पुन्हा चुकत नाही.

नावाड्याला पक्ष्यांची इंग्रजी नावे तोंडपाठ असतात आणि होडीत बहुधा पक्ष्यांचे पुस्तकही असते. त्याने थांबू म्हटले की थांबावे, पुढे नको म्हटले की आग्रह धरू नये. चांगल्या छायाचित्रासाठी थवा उडवायला सांगणारे पाहुणे अधूनमधून भेटतात. उपाशी पोटी चरणाऱ्या, हजारो किलोमीटर परतीच्या उड्डाणासाठी चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला विनाकारण उडवणे हा अपराध आहे आणि तो तसाच मानला जायला हवा. फोनवर आवाज वाजवून फटाकडीला बाहेर काढणेही त्यातलेच. पट्टकदंब हंसांचा थवा दिसला तर मानेकडे नीट पाहावे. मंगोलियात संशोधकांनी गळ्यात रंगीत, सांकेतिक अक्षरांचा पट्टा चढवलेले हंस भारतात अनेकदा आढळले आहेत. पट्ट्याचा रंग, त्यावरची अक्षरे, जागा आणि तारीख टिपून ती नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवली तर ती संशोधनाच्या कामी येते.

मंगलाजोडीला दोन रात्री द्याव्यात. दुपारी गावातल्या बंधाऱ्यावरून चालत जावे, संध्याकाळी पुन्हा होडी. जेवणात भात, डालमा आणि सरोवराची कोळंबी.

तिथून दक्षिणेला निघालेली गाडी चिलिकाच्या पश्चिम काठाने जाते, डावीकडची खिडकी मिळाली तर सरोवर दिसत राहते. श्रीकाकुलम जिल्ह्यातले तेलीनीलापुरम हे टेक्कलीजवळचे छोटे गाव. नौपाडा जंक्शनला उतरले की ते जवळच आहे. ठिपकेदार चोचीचे झोळीवाले (पेलिकन) आणि चित्रबलाक इथे हिवाळ्यात गावातल्या झाडांवर घरटी करतात. लोक त्यांचे येणे शुभ मानतात. अर्धा दिवस पुरतो. त्यापुढचे कोल्लेरू हे कृष्णा आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशांमधले गोड्या पाण्याचे सरोवर. मत्स्यशेतीच्या बांधांनी ते इतके गिळले की २००६ मध्ये सरकारला मोठी मोहीम काढून अतिक्रमणे हटवावी लागली. कैकलूरजवळच्या अटपाकाला झोळीवाले लोखंडी मचाणांवर घरटी करताना दिसतात. झाडे उरली नाहीत म्हणून वन खात्याने ही मचाणे उभारली. पाहायला हे सुंदर नाही, पण पक्ष्यांनी ते स्वीकारले आहे आणि पिल्ले वाढत आहेत. विजयवाडा किंवा एलुरूला मुक्काम करून इथे जाऊन येता येते. ज्याच्याकडे दिवस कमी असतील त्याने कोल्लेरू गाळून थेट सुलूरपेट गाठावे.

सुलूरपेट आंध्रच्या दक्षिण टोकाला, आताच्या तिरुपती जिल्ह्यात. चेन्नई इथून सुमारे ८० किलोमीटर आणि उपनगरी गाड्या इथपर्यंत येतात, म्हणून महोत्सवात चेन्नईकरांची गर्दी मोठी असते. फ्लेमिंगो महोत्सव नावाने ओळखला जाणारा हा सोहळा देशातल्या जुन्या पक्षी महोत्सवांपैकी आहे. मुख्य कार्यक्रम सुलूरपेटला होतात, पक्षी पाहायचे ते नेलापट्टू आणि पुलिकत अशा दोन जागी.

पुलिकतचे गणित महाराष्ट्रातल्या पावसावरून मांडू नये. इथे मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. सरोवर या दिवसांत भरते, आणि जानेवारीत पाणी किती उरले आहे यावर रोहितांचे सारे अवलंबून असते. रोहित उथळ पाण्यात उभा राहून डोके उलटे धरतो आणि चोचीच्या गाळणीतून चिखलपाणी गाळून सूक्ष्म जीव खातो. पाणी फार चढले तर त्याला उभे राहता येत नाही, फार आटले तर गाळायला काही उरत नाही. डिसेंबरात मोठे चक्रीवादळ येऊन गेले असेल तर जानेवारीच्या मध्यापर्यंत थवे विखुरलेले राहू शकतात, अशा वर्षी फेब्रुवारीकडे सरकलेला बरा. समुद्रमुखे गाळाने भरत चालली आहेत ही इथली कायमची चिंता. चिलिकाचा इतिहास ठाऊक असलेल्याला तिचे गांभीर्य लगेच कळते.

सुलूरपेटहून श्रीहरिकोट्याला जाणारा रस्ता सरोवर मधोमध कापत जातो. दोन्ही बाजूंना पाणी, आणि हंगाम साधला असेल तर दोन्ही बाजूंना रोहित. इतक्या सोप्या जागेवरून इतके रोहित पाहायला मिळणे दुर्मीळ. वाहन कडेला घेऊन थांबावे आणि शक्यतो आतूनच पाहावे, माणूस दार उघडून उतरला की थवा पाऊल-पाऊल दूर जातो. सकाळी एका बाजूचे पक्षी उन्हात उजळतात, संध्याकाळी दुसऱ्या बाजूचे, म्हणून दोन्ही वेळा इथे यावे. इथे बहुसंख्य मोठे रोहित असतात: गुलाबी चोच, टोकाला काळी. ठाण्याच्या खाडीत ज्यांची दाटी असते ते छोटे रोहित बुटके, गडद किरमिजी चोचीचे. श्रीहरिकोट्यात अंतराळ केंद्र असल्याने पुढे प्रवेश बंद आहे, आणि उपग्रह प्रक्षेपणाच्या दिवशी या रस्त्यावर गर्दी आणि बंदोबस्त असतो. प्रक्षेपणाची तारीख आधी पाहून ठेवावी.

नेलापट्टू हे सुलूरपेटच्या उत्तरेला असलेले तळे. पाण्यात उभ्या समुद्रफळाच्या झाडांवर झोळीवाल्यांची मोठी वसाहत असते, सोबत उघड्या चोचीचे करकोचे, कुदळे, चमचे, रात बगळे. जानेवारीत अनेक घरट्यांत पिल्ले असतात आणि पिल्लू आईबापाच्या झोळीत अख्खे डोके घालून मासे काढताना दिसते. महोत्सवाच्या दिवसांत इथे शाळांच्या बसगाड्या ओळीने येतात. दुपारी गोंगाट फार होतो, म्हणून सकाळी दार उघडताच आत शिरावे. मनोऱ्यावर चढून दुर्बीण लावली की एका झाडावरची पाच-सहा घरटी नीट वाचता येतात.

दोन दिवस हाती उरले तर चेन्नईच्या नैर्ऋत्येचे वेदांतंगल जोडून घ्यावे. या तळ्यावरचे पक्षी गावकऱ्यांनी दोन शतकांहून अधिक काळ राखले आहेत. पक्ष्यांच्या विष्ठेने तळ्याचे पाणी खतावते आणि तेच पाणी भाताला मिळते, हे त्यांनी फार पूर्वी ओळखले. १७९८ मध्ये कंपनी सरकारच्या कलेक्टरकडून त्यांनी पक्ष्यांना संरक्षणही मिळवले होते. चेंगलपट्टूहून रस्त्याने तासाभरात तिथे पोहोचता येते. परतीला चेन्नईहून रेणिगुंटा, गुंतकल, सोलापूर, पुणे या मार्गाच्या मुंबई गाड्या आहेत.

ऐन वेळी महोत्सव पुढे ढकलला गेला तर या आखणीत फारसे बदलावे लागत नाही. मंगलाजोडीच्या होड्या महोत्सवावाचूनही निघतात, नेलापट्टूचे दार उघडे असते आणि पुलिकतचा रस्ता सर्वांचा आहे. फक्त सुलूरपेटहून पक्षीस्थळांकडे नेणाऱ्या जादा बसगाड्या नसतात, तेवढी गाडीची सोय आधी करावी. महोत्सव नेमका त्याच तारखांना भरणार असेल तर मात्र सुलूरपेटच्या मर्यादित लॉजवर विसंबू नये, नेल्लोर किंवा चेन्नईला खोली घ्यावी आणि पहाटेच्या गाडीने यावे.